तेपितोचा घण आणि सतरा तमाल

सहा जानेवारीला तीन राजांच्या सणाचा गोल पाव कापताना ज्याच्या तुकड्यात आत लपवलेलं चिनीमातीचं येशूबाळ निघतं, त्यानं दोन फेब्रुवारीला, म्हणजे कांदेलारियाच्या दिवशी, सगळ्यांना तमाल, म्हणजे पातीत उकडलेले मक्याचे उंडे, खाऊ घालायचे. हा नियम देवाचा की बेकरीवाल्यांचा, याची चौकशी राजधानीतल्या आमच्या तेपितो वस्तीत आजवर कुणी केलेली नाही. पण बाळ निघालं आणि माणूस उलटला, असंही कधी झालेलं नाही. फार तर एखादा चिक्कू माणूस बाळ गुपचूप गिळून टाकतो. चेमा न्हाव्यानं एकदा तसं केलं, तर गल्लीनं त्याला महिनाभर 'काय रे, सुटलास का? मुलगा की मुलगी?' असं विचारून जीव नकोसा केला होता.

त्या वर्षी बाळ निघालं ते किकाच्या तुकड्यात. किका म्हणजे फ्रान्सिस्का, वय वर्षं दहा, फिदेन्सियोची एकुलती एक. आणि फिदेन्सियो म्हणजे 'तेपितोचा घण'. एके काळी या घणाच्या डाव्या ठोशानं माणसं आडवी व्हायची. हल्ली बहुतेक वेळा घणच आडवा व्हायचा, आता खोटं कशाला बोला. झुंज नसेल तेव्हा तो म्हाताऱ्या दमासोच्या हमामखान्यात गिऱ्हाइकांची अंगं रगडायचा, फरशा घासायचा, आणि बापलेक तिथंच बॉयलरच्या वरच्या खोलीत राहायचे. किकाची आई ती रांगत असतानाच तापानं गेली होती.

तर बाळ दाताखाली आल्याबरोबर किकानं ते जिभेनं गालात सरकवलं आणि चेहरा असा ठेवला की जणू चर्चमध्ये बसलीय. सगळा हमामखाना टेबलाभोवती जमला होता. पापा तिच्या उजव्या हाताला बसला होता, पुढ्यात पावाचा तुकडा, आणि दमासोला कुठल्या तरी जुन्या झुंजीची गोष्ट सांगत होता. किकानं बाळ मुठीत काढलं, हात लांब केला आणि भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, पापाच्या तुकड्यात अंगठ्यानं खुपसलं. पलीकडे बसलेल्या तमालवाल्या कुकामावशीनं हसू दाबायला शालीचा बोळा तोंडात घातला. पापानं तुकडा उचलला, चावला आणि 'कट्' असा आवाज आला.

"आई गं! माझा दात!"

"दात नाही, बाळ! फिदेन्सियो, तमाल तुझ्याकडे!"

टेबल दणाणलं. दमासोला हसता हसता ठसका लागला. हसली नाही ती एकटी किका.

कारण तिचा हात पापाच्या डाव्या डोळ्यापासून वीतभर अंतरावरून गेला होता. चोरून नाही, चांगला रमतगमत गेला होता. आणि ज्या माणसानं आयुष्यभर अंगावर येणारे ठोसे चुकवले, त्यानं पापणीसुद्धा हलवली नव्हती.

तेव्हा तिला डिसेंबरातला दवाखाना आठवला. पापा आत डॉक्टरांकडे, ती बाहेर बाकावर. दाराच्या फटीतून डॉक्टर म्हणाले होते, "आता एक नेमका ठोसा बसला की हा दिवा कायमचा गेला. आणि एक गेला की दुसराही त्याच्या मागून जातो, समजलं?" बाहेर आल्यावर पापा म्हणाला, "गाजरं खायला सांगितलीत." किकानं तेव्हा खरं मानलं. मग त्यानं तिला एक खेळ शिकवला. दवाखान्याच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, मोठ्या अक्षरांपासून बारीक अक्षरांपर्यंत. तो तिनं वहीत उतरवून आणायचा आणि त्याच्याकडून रोज पाठ करून घ्यायचा. "माझी बुद्धी तल्लख राहते," तो म्हणायचा. चुकला की किका त्याच्या डोक्यात टपली मारायची. केवढी मजा वाटली होती तिला! आता तिला उलगडलं. झुंजीआधी मुष्टियुद्ध मंडळाचे डॉक्टर डोळे तपासतात तो तक्ता तोच होता. बापाला रिंगणात धाडायचा परवाना तिनंच घोकून घेतला होता.

आणि तेवढ्यात सेन्योर ब्रिंगास आला.

ब्रिंगास पापाचा मॅनेजर. सदान् कदा लिंबाच्या गोळ्या चघळायचा, आणि बोलताना गोळी दातावर आपटायची. उत्तरेकडचा, चिवावाचा माणूस. राजधानीत वीस वर्षं काढली तरी इथल्या सणावारांशी त्याचं देणंघेणं नव्हतं.

"घणा, झुंज ठरली!" तो दारातूनच ओरडला. "तांपिकोचा पोरगा, कास्काबेल. दहा फेऱ्या. तीन फेब्रुवारी. वजन आदल्या दिवशी दुपारी बाराला, एकसष्ट किलो दोनशेच्या आत."

दमासोनं सुरी खाली ठेवली.

"आदल्या दिवशी?" कुकामावशी म्हणाली. "दोन तारखेला? कांदेलारियाला वजन? कुणी ठरवलं हे? कुठल्या पाखंड्यानं?"

"मी ठरवलं. का?"

"याला बाळ निघालंय."

"मग तमाल रद्द करा."

कुकामावशी उठून उभी राहिली. ही बाई तमाल विकून तीन पोरं वाढवलेली. तिच्या दंडापुढे कास्काबेलचे दंड म्हणजे काड्या. "तमाल रद्द?" ती म्हणाली. "हे बघा सेन्योर, तुमच्याकडे येशूबाळ पाहुणा म्हणून येत असेल, आमच्याकडे घरचा आहे. ज्याला बाळ निघालं तो त्याचा धर्मपिता. बाप होऊन पोराच्या जेवणाला नाही म्हणायचं?"

"मी दोन्ही करीन," पापा घाईनं म्हणाला. "वजनही देईन आणि तमालही देईन. घण आहे मी!" आणि त्यानं छाती ठोकली. बिचारा फार खूश होता. सहा महिन्यांनी कुणी तरी त्याला झुंज दिली होती.

किकानं त्या रात्री त्याला विचारून पाहिलं. "पापा, नको ना लढूस."

"का गं?"

"असंच."

"असंच म्हणून कुणी झुंज सोडतं का? लोक काय म्हणतील, घण घाबरला? झोप, भवाने."

झालं. सरळ मार्ग बंद. आणि किकाला वाकडे मार्ग उपजतच ठाऊक होते. पापाला पाडणं शक्य नव्हतं, कोंडणं शक्य नव्हतं. पण वजन हद्दीबाहेर गेलं तर झुंज होत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि पापाचा स्वयंपाक कोण करायचं? किका. हमामखान्यातल्या वजनकाट्याची चावी कुणाच्या गळ्यात असायची? किकाच्या.

दुसऱ्या दिवसापासून घणाचा पथ्याचा आहार सुरू झाला. निवडुंगाची भाजी, कोंबडीचं पाणी, बिनसाखरेचा चहा. निवडुंगात दोन डाव चरबी. कोंबडीच्या पाण्यात चरबी. चहात गुळाचा खडा, आणि वर दालचिनी, म्हणजे गोड का लागतं याला उत्तर तयार. चरबी कुकामावशीकडून यायची.

"एवढी चरबी करतेस काय गं?"

"पापाच्या पाठीला चोळते."

"त्याला काय पाठीनं लढायचंय?" मावशी म्हणाली, पण डबा भरून दिला.

राहिला काटा. तो उभ्या दांडीचा, सरकत्या वजनाचा होता. किकानं चिकल, म्हणजे चघळायचा डिंक, चावून मऊ केला आणि सरकत्या वजनाच्या खालच्या बाजूला चिकटवला. वजन जड झालं, त्यामुळे ते दांडीवर अलीकडेच थांबायला लागलं, आणि काट्यावर उभा राहणारा माणूस हलका भरायला लागला. पापा उभा राहिला. साठ किलो आठशे. "बघितलंस? शिस्त!" तो म्हणाला आणि निवडुंग आणखी वाढून घेतलं. पुढच्या आठवड्यात तो फुगला तसा किकानं दुसरा चिकल लावला. मग तिसरा.

आता तो काटा काही एकट्या पापाचा नव्हता. आंघोळीला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यावर उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात सगळं तेपितो पाव किलोनं हलकं झालं, दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या किलोनं. खाटीक आग्रिपीनो दहा वर्षांत पहिल्यांदा नव्वदच्या खाली आला. त्यानं आनंदानं सगळ्यांना डुकराचं तळलेलं कातडं वाटलं आणि स्वतः अर्धं टोपलं खाल्लं. दमासोच्या वाफेला गुण आहे अशी बातमी पार पलीकडच्या लागुनिया बाजारापर्यंत गेली. बायका आपापल्या नवऱ्यांना ढकलत आणायला लागल्या. दमासोनं दारावर पाटी लावली, 'येथे माणूस वितळतो'. किका दाराशी बसून टॉवेल द्यायची आणि इतक्या भोळ्या चेहऱ्यानं द्यायची की चर्चमधल्या देवदूतानं तिच्याकडून शिकवणी घ्यावी.

पण रात्री पापा भिंतीवरच्या आपल्या सावलीशी ठोसे खेळायचा तेव्हा ती पांघरुणातून बघायची. डाव्या बाजूनं तो उघडा पडायचा. सावली होती म्हणून बरं, सावली मारत नाही. मग ती उद्याच्या जेवणात चरबी वाढवायचं ठरवायची.

दोन फेब्रुवारी उजाडला. काटा म्हणाला, साठ किलो चारशे.

"आठशे ग्रॅम शिल्लक!" पापा म्हणाला. "किका, आज धर्मपित्याला दोन घास खायला हरकत नाही."

कुकामावशीनं पहाटेच दोन पिंपं भरून तमाल आणले होते. मक्याच्या पातीत गुंडाळलेले, हिरव्या मिरचीचे, मोळे नावाच्या तिखट रश्श्याचे, आणि बेदाणे घातलेले गुलाबी गोड. खरं म्हणजे हे जेवण संध्याकाळचं. पण किकानं गल्लीभर सांगितलं होतं की पापाला दुपारी काम आहे, सकाळीच या. सगळे आले. आणि आपल्याकडची रीत अशी की यजमान उपाशी बसला तर पाहुणाही पाती सोडत नाही. म्हणून प्रत्येक पाहुण्याबरोबर पापाला एक घ्यावा लागला.

"घणा, माझ्याबरोबर एक."

"आग्रिपीनोबरोबर खाल्लास, माझ्याबरोबर नाही? आम्ही काय पाप केलं?"

किका मनात मोजत होती. अकरा. बारा. चेमा न्हाव्यानं दोन खायला लावले. चौदा. दमासो म्हणाला, "गोड खाल्ल्याशिवाय बाळ रागावतं." पंधरा. शेवटी कुकामावशी स्वतः पुढे आली, आणि तिला नाही म्हणणारा पुरुष तेपितोत अजून जन्माला यायचाय. सतरा. वर वाटीभर दाट गोड आतोले, म्हणजे मक्याची पेज. साडेअकराला ब्रिंगास न्यायला आला. पापाला जिना उतरताना पाहून त्याच्या दातावर आपटणारी गोळी एकदम गप्प झाली.

मंडळाच्या सभागृहात आधी डॉक्टर होते. पापानं एक डोळा झाकला आणि तक्ता जपमाळेसारखा घडाघडा म्हटला, वरून खालपर्यंत, एकही चूक नाही. डॉक्टर म्हणाले, "गरुडाचे डोळे आहेत." कोपऱ्यात उभ्या असलेल्या किकाला वाटलं, धरणी फाटावी. आता एका काट्याचाच काय तो आधार.

मंडळाचा काटा प्रामाणिक होता. त्याला कुणी चिकल लावला नव्हता.

"त्रेसष्ट किलो शंभर," सेक्रेटरी म्हणाला.

"शक्य नाही!" ब्रिंगास किंचाळला.

"एक किलो नऊशे जास्त आहे. दोन तास देतो. दोनला पुन्हा या, नाही तर झुंज रद्द."

कास्काबेलच्या बाजूची माणसं हसायला लागली. त्यांचा मॅनेजर म्हणाला, "घण कसला, हा तर ऐरण आहे!" पापानं मान खाली घातली आणि शर्ट चढवला. किकाला त्याच्याकडे बघवेना. तिनं महिनाभर याच क्षणासाठी घाम गाळला होता, आणि आता तो आला तर गोड वाटायच्या ऐवजी तोंड कडू झालं होतं.

धावतच हमामखान्यात आले. ब्रिंगासनं पापाला तीन घोंगड्यांत गुंडाळून वाफेच्या खोलीत बसवलं, किकाला नळाशी उभं केलं आणि स्वतः घड्याळ घेऊन दाराबाहेर थांबला. "सोड वाफ, पोरी! आणखी सोड!"

आत काही दिसत नव्हतं. वाफेतून पापाचा श्वास तेवढा ऐकू येत होता, फाटक्या भात्यासारखा. अर्धा तास झाला. पाऊण तास. पापानं एकदा ओकारी दाबली. किकाला राहवलं नाही.

"पापा, मी केलं."

"काय?"

"निवडुंगात चरबी घातली. काट्याला चिकल लावला. तुझं वजन वाढावं म्हणून." आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, नाक पुसत.

घोंगड्यांच्या आतून आवाज आला, "चिकल चार आहेत."

"तीन आहेत."

"चार. चौथा मी लावला. सोमवारी काटा कोण पुसतं गं? पहिल्याच आठवड्यात तुझा चिकल सुटून खाली पडायला आला होता. मी दाबून बसवला. मागच्या सोमवारी वाटलं, कमी पडतोय, म्हणून आणखी एक लावला."

किकाचं रडं तिथंच थांबलं. "मग खात कशाला होतास?"

"तू वाढत होतीस म्हणून."

"आणि आता घाम कशाला गाळतोयस?"

पापानं घोंगडीच्या टोकानं तोंड पुसलं.

"तू मला जिंकताना पाहिलेलं नाहीस, किका," पापा म्हणाला. "मी जिंकत होतो तेव्हा तू पाळण्यात होतीस. तू बघायला लागलीस तेव्हापासून मला लोक उचलून नेताना पाहतेस. एकदा, फक्त एकदा, पंचानं माझा हात वर केलेला तुला दाखवायचाय. मग खुशाल जन्मभर फरशा घाशीन."

"मला नाही बघायचा तुझा हात!" किका ओरडली. "मला तुझा डोळा हवाय. मी ऐकलंय डॉक्टरांचं. गाजरं म्हणे! तू खोटारडा आहेस."

"तू कमी आहेस का?"

"मी तुझ्यावरच गेलेय."

बाहेरून ब्रिंगासनं दार ठोठावलं. "गप्पा कसल्या मारताय? वाफ सोड, वाफ!" किकानं नळ सोडला. एवढं सगळं बोलून झाल्यावर माणसाला आणखी काय सांगणार? त्याचं अंग होतं, त्याचा डोळा होता. आता फसवायचं नाही, तिनं ठरवलं. चार आठवडे फसवून पाहिलं. त्याला तर सगळं ठाऊकच होतं आणि तरी तो इथं उकळत बसला होता.

दोनला पाच मिनिटं कमी असताना पापा पुन्हा काट्यावर चढला. ओठ फुटलेले, गाल आत गेलेले. एकसष्ट सहाशे.

"चड्डी!" ब्रिंगास म्हणाला. "चड्डी ओली आहे, तिचंच चारशे ग्रॅम असेल! काढ!"

चड्डी काढायची तर आडोसा हवा. ब्रिंगासनं टॉवेल उचलला, तसा तांपिकोचा मॅनेजर मध्ये आला. "तू धरायचा नाहीस. तुझे धंदे मला माहीत आहेत. वजन देणारा टॉवेलवर हात टेकतो, धरणारा तोलून धरतो आणि अर्धा किलो गायब!"

"मग कोण धरणार? तू?"

सेक्रेटरी कंटाळला होता. त्याच्याही घरी तमाल वाट बघत होते. "टॉवेलचं एक टोक खिडकीच्या कडीला बांधा आणि दुसरं त्या मुलीला द्या. मुली, तोंड भिंतीकडे कर."

किकानं टोक दोन्ही हातांत धरलं, तोंड भिंतीकडे केलं, तर समोरच आरसा, म्हणून तिनं डोळे घट्ट मिटले. ब्रिंगास तिच्या कानाशी वाकला. लिंबाचा भपकारा आला. "ताठ धर. ढिला सोडायचा नाही. बापाची लाज तुझ्या हातात आहे." आणि जाता जाता पापाच्या कानातही काहीतरी पुटपुटला.

चड्डी खाली पडल्याचा चपाक् आवाज आला. मागे कुणीतरी शीळ घातली. "ऐरण वितळली रे!" दुसरा म्हणाला, "कुणीतरी ऐरणीला पातीत गुंडाळा!" सगळे खदखदून हसले. किकाच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. त्या सगळ्यांना बुकलून काढावंसं वाटलं तिला, एकेकाला, तिच्या बापाच्या डाव्या हातानं.

दांडीवर वजन सरकू लागलं. आणि टॉवेलवर, तिच्या मुठींपासून हातभर अंतरावर, काहीतरी टेकलं. पापाची बोटं. आधी हलकी, मग जड.

आता फक्त कोपर वाकवायचं होतं. एवढंसं. टॉवेल ढिला पडला असता, काटा खरं बोलला असता आणि पापाचा डोळा वाचला असता. कुणाला कळलंही नसतं. किकाचे हात रोज ओल्या टॉवेलांच्या टोपल्या उचलणारे होते. अर्धा किलो त्यांना जड नव्हता. तिनं दात आवळले, पाय रोवले आणि टॉवेल ताठ धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण टॉवेल तसूभर हलला नाही.

"एकसष्ट चारशे," सेक्रेटरी म्हणत होता. "तीनशे. एकसष्ट दोनशे..."

"बसलं वजन!" ब्रिंगास ओरडला.

आणि टॉवेल हलका झाला.

किकाला वाटलं, आपल्याच हातातून सुटला. पण तिच्या मुठी घट्ट होत्या. टॉवेल ताठच होता. पापानं हात उचलले होते. मागे दांडी खाडकन वर आपटली.

"एकसष्ट पाचशे," सेक्रेटरी म्हणाला.

"हात ठेव की, मूर्खा!" ब्रिंगास बोलून गेला आणि स्वतःच तोंडावर हात मारला. सभागृहात असा हशा उसळला की खिडकीवरची कबुतरं उडाली.

"जास्त आहे साहेब," पापाचा आवाज आला. शांत, जरा घोगरा. "तमाल खाल्ले सकाळी. सतरा."

"सतरा?"

"धर्मपिता आहे मी. नाही म्हणता येत नाही."

सेक्रेटरीनं कागदावर फुली मारली. तांपिकोची माणसं 'तमाल! तमाल!' म्हणून टाळ्या पिटायला लागली. ब्रिंगासनं गोळ्यांची पुडी जमिनीवर फेकली, "आजपासून तू मला ओळखत नाहीस," असं म्हणाला आणि दार आपटून गेला. कुणी दया दाखवली नाही, कुणी बिच्चारा म्हटलं नाही. जो तो हसत होता. पापानं सगळं हसू ऐकून घेतलं आणि सावकाश कपडे घातले.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं. बायका आपापलं येशूबाळ नवे कपडे घालून, टोपलीत बसवून, चर्चमधून परत आणत होत्या. पापानं वाटेत एका नळाला तोंड लावलं आणि रेड्यासारखं पाणी प्यायला.

"मी ताठ धरला होता," किका म्हणाली.

"माहीत आहे. म्हणूनच तर." तो थोडा थांबला. "तू ढिला सोडला असतास ना, तर चड्डी काढलीच होती, मी चिडून डोक्यावरचे केससुद्धा कापले असते आणि लढलो असतो. पण तू रडत रडत धरून उभी होतीस. मला आरशात दिसत होतीस. मग मला भीती वाटली, किका. कास्काबेलची नाही. उद्या संध्याकाळनंतर तू कशी दिसतेस तेच मला दिसायचं नाही, याची. फार भीती वाटली."

घण असं बोलेल हे किकाला स्वप्नातही वाटलं नसतं. तेवढ्यात डाव्या बाजूनं टोपली घेऊन आलेल्या एका जाड बाईवर पापा जोरात आदळला. टोपली कलली, येशूबाळाचा जरीचा मुकुट उडून गटाराच्या काठावर पडला.

"अरे ए रेड्या!" बाई कडाडली. "एवढी बाई दिसत नाही? आंधळा आहेस का?"

किकानं श्वास रोखला. असल्या वेळी पापा म्हणायचा, ऊन डोळ्यात गेलं. नाही तर म्हणायचा, बाई, तूच आडवी आलीस. उत्तरं त्याची तयार असायची.

पापानं वाकून मुकुट चाचपडत उचलला, शर्टाला पुसला आणि बाळाच्या डोक्यावर नीट बसवला.

"हो बाई," तो म्हणाला. "या डोळ्यानं आहे."

बाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा किकाकडे. "अगंबाई," ती हळूच म्हणाली. "मग पोरीला या बाजूनं घेऊन चालावं की, बाबा."

"खरंच की," पापा म्हणाला.

त्यानं किकाला उजवीकडून डावीकडे घेतलं आणि आपला तो प्रसिद्ध डावा हात तिच्या हातात दिला.

"चल. आणि खांबावरबिंबावर आदळवू नकोस, कार्टे. तुझा काही भरवसा नाही."